चिठ्ठी, डबा आणि फिरता ब्लाउजपीस

पंचांगात काहीही छापलेलं असो, वऱ्हाडातल्या रिसोडची दिवाळी बाजार समितीत सुरू होते. सोयाबीन निघालं, वाळलं, पोत्यात भरून समितीच्या आवारात गेलं आणि काट्यावर चढलं, की त्या दिवशीच्या भावावर पोरांचे कपडे, फटाके आणि बहिणींची ओवाळणी ठरते. २०२४-२५ च्या हंगामाला क्विंटलमागे ४,८९२ रुपये हमीभाव होता, पुढच्या हंगामाला तो ५,३२८ झाला. बाजारातला भाव मात्र दोन्ही दिवाळ्यांना हमीभावाच्या खालीच बसून राहिला. पाहुणे यायचे ते आलेच. भाव पडला म्हणून आत्याबाई कमी येत नाहीत.

अशा वर्षी भाऊबीजेच्या जेवणानंतर, सगळे सुस्त होऊन भिंतीला टेकलेले असताना, पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये अंग आंबवून आलेली घरातली एखादी नोकरदार पुतणी उठते आणि जाहीर करते, "यंदा आपण गिफ्ट एक्स्चेंज करू. आमच्या ऑफिसात करतात तसं. सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या, प्रत्येकाने एक उचलायची, ज्याचं नाव निघेल त्या एकाच माणसाला भेट द्यायची. आणि दोनशे रुपयांच्या वर कुणी जायचं नाही."

घरात शांतता पसरते. मग मोठे बाबा विचारतात, "म्हंजे एकालेच द्याचं? मंग बाकीच्यायनं काय पाप केलं?"

आत्याबाई तोंडातली सुपारी गालात सरकवतात. "दोनशे रुपयात तं निस्ता ब्लाउजपीस येते, माय."

इथून पुढे जे होतं ते हल्ली रिसोडला, मालेगावला, पलीकडे मेहकर-सेनगावलाही थोड्याफार फरकाने होतं. कार्यालयांतून 'सिक्रेट सँटा' या नावाने चालणारा हा खेळ नाताळ सोडून दिवाळीत शिरला आहे आणि वऱ्हाडातल्या भरल्या घरांशी त्याची गाठ पडली आहे. कार्यालयात तो सोपा असतो, कारण तिथे कुणी कुणाचं साडू नसतं.

हिशेबाला मात्र पुतणी पक्की असते. घरात चौदा माणसं धरा. प्रत्येकाने प्रत्येकाला काहीतरी द्यायचं म्हटलं तर चौदा गुणिले तेरा, म्हणजे १८२ भेटी होतात. एकेक भेट शंभराची धरली तरी १८,२०० रुपये, म्हणजे हमीभावाने विकलं तरी जवळपास साडेतीन क्विंटल सोयाबीन. चिठ्ठ्या टाकल्या तर भेटी चौदा, खर्च २,८०० आणि सोयाबीन अर्ध्या क्विंटलाच्या थोडं वर. शेतकरी माणसाला हा हिशेब क्विंटलात सांगितला की पटकन पटतो. रुपयांत सांगितला तर तो म्हणतो, पाहू.

पटत नाही ते आत्याबाईंना. त्यांचा विरोध पैशाला नसतोच, तो पद्धतीला असतो. त्यांच्या मते भेट म्हणजे आहेर, आणि आहेराला वही लागते.

ही वही महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येक घराच्या कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली सापडते. मांडवात एका कोपऱ्यात टेबल टाकून घरातला सगळ्यात कमी बोलणारा जावई पेन घेऊन बसवलेला असतो, आणि तो लिहीत जातो: अमुक गावचे अमुक, १०१ रुपये. तमुक, स्टीलचा डबा. वरचा एक रुपया कधी चुकत नाही, आणि म्हणून हल्ली पाकीट बनवणाऱ्यांनीच तो प्रश्न छापील पाकिटावर नाणं चिकटवून सोडवला आहे. पुढे त्या घरी लग्न निघालं की वही उघडायची, आपल्याला काय आलं होतं ते पाहायचं आणि महागाई मिळवून तेवढं परत न्यायचं. १०१ चे १५१ होतात, १५१ चे २५१. बँका मुदत ठेवीवर जे व्याज देतात ते या वहीपुढे फिकं पडावं.

सरकारलाही या वहीचं महत्त्व कळलेलं आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ साली केंद्राने नियम केले. त्यांनुसार वधूला आणि वराला मिळालेल्या भेटवस्तूंची यादी लेखी ठेवायची असते. वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, तो नातलग असेल तर नातं, आणि खाली वधू-वरांच्या सह्या. म्हणजे कोपऱ्यातल्या टेबलावरचा तो जावई एका अर्थाने केंद्र सरकारचंच काम करत असतो. फक्त त्याला जेवायला शेवटच्या पंगतीत बसवतात.

फ्रेंच विद्वान मार्सेल मॉस याने १९२५ साली भेट या विषयावर एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. पॅसिफिक बेटांपासून उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंतच्या समाजांचा धांडोळा घेऊन त्याने दाखवलं की भेट वरवर ऐच्छिक दिसते, पण तिला तीन सक्ती जोडलेल्या असतात: द्यावी लागते, घ्यावी लागते आणि परतफेड करावी लागते. रिसोडच्या कोणत्याही आत्याबाईंनी त्याला हे दुपारच्या चहाला सांगितलं असतं, आणि वर एक ब्लाउजपीसही दिला असता.

ब्लाउजपीस हा या सगळ्या व्यवहाराचा खरा नायक. हळदीकुंकवाला, वास्तुशांतीला, बारशाला, परतवणीला ओटीत नारळ-तांदळासोबत तो येतो. तो कधी शिवला जात नाही, कारण त्याच्याशी जुळणारी साडी पृथ्वीवर नसते. तो कपाटात घडी घालून पडतो, वरचा पारदर्शक कागद तसाच ठेवून, कारण कागद निघाला की त्याची पत जाते. मग पुढच्या ओटीत तो बाहेर पडतो. वाशीम, लोणार, हिंगोली असा फिरत फिरत दोन-तीन वर्षांनी मूळ घरी परत येतो तेव्हा घरातली बाई त्याला ओळखते, पण ओळख दाखवत नाही. आपणच कोपऱ्यात पेनाने बारीक खूण करून ठेवली होती, हे कुणाला सांगणार? स्टीलच्या भांड्यांनी या भ्रमंतीवर उपाय शोधला तो नाव कोरण्याचा. एकदा पातेल्यावर 'यांजकडून सप्रेम भेट' असं यंत्राने कोरलं की त्या पातेल्याचा पुढचा प्रवास खुंटतो. देणाऱ्याचा धूर्तपणा यापेक्षा वर गेलेला नाही.

तर दोनशे रुपयांच्या चिठ्ठीचा खरा फायदा खर्च वाचण्यात नाहीच. तिला वही लागत नाही. कुणी कुणाला दिलं हे नशिबाने ठरलं, पुढच्या वर्षी चिठ्ठी दुसऱ्याची निघणार, मग परतफेड कुणाला करायची? मॉसची तिसरी सक्ती एका रिकाम्या डब्यात चार घड्या घातलेल्या कागदाने निकालात निघते. पुतणीला हे माहीत नसतं. तिला फक्त बजेट सांभाळायचं असतं.

आणि आयकर खात्याचाही प्रश्न उरत नाही. एरवी या खात्याची नात्यांबद्दलची समजूत पाहण्यासारखी आहे. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात एकूण पन्नास हजारांच्या वर भेट आली तर ती उत्पन्नात धरतात. नातेवाईक कोण, याची यादी कायद्यात दिली आहे. त्या यादीत आईवडिलांची भावंडं येतात, भावंडांची मुलं येत नाहीत. म्हणजे काकाने पुतण्याला मोठी रक्कम दिली तर देणारा नातेवाईक, पुतण्याने तीच काकाला परत दिली तर देणारा परका! वऱ्हाडात असे पुतणे असतात हे खरं, पण ते कायद्यात लिहिलेलं असेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

आता चिठ्ठ्या. त्या टाकणं दिसतं तितकं सोपं नाही. चौदा नावं लिहून डब्यात टाकली, डबा हलवला, एकेकाने एकेक उचलली. पहिल्याच फेरीत कुणीतरी आपलीच चिठ्ठी घेऊन उभा राहतो. मोठी आई म्हणते, "देवाच्या मनात हाये, त्यानं सोतालेच काहीतरी घ्यावं." यात देवापेक्षा गणिताचा हात जास्त आहे. पिएर रेमों द मोंमोर या फ्रेंच गणितज्ञाने जुगाराच्या खेळांवर १७०८ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात हा प्रश्न घेतला होता, पत्त्यांच्या रूपात. त्याचं उत्तर असं की माणसं चौदा असोत की चारशे, एकालाही स्वतःचं नाव न येण्याची शक्यता शंभरात साधारण ३७ एवढीच राहते. उरलेल्या ६३ वेळा कुणीतरी एक तरी आपल्याच नावाला अडकतो आणि चिठ्ठ्या पुन्हा टाकाव्या लागतात. तीन वेळा ओळीने असं झालं की घरातले आजोबा खेळाला अपशकुन ठरवून झोपायला जातात. म्हणून जाणत्या घरांत सरळ युक्ती करतात. चिठ्ठ्या पिसून एका ओळीत लावायच्या आणि प्रत्येकाने आपल्या पुढच्याला द्यायचं, शेवटच्याने पहिल्याला. कुणी स्वतःला अडकत नाही. पण यात चिठ्ठ्या लावणाऱ्याला सगळं कळतं, आणि ते काम नेमकं घरातल्या सगळ्यात बोलक्या मामीकडे जातं.

गुप्तता हा या खेळाचा प्राण आहे आणि रिसोडला तोच टिकत नाही. मोठ्या शहरात माणूस मॉलमध्ये जाऊन काहीही घेतो, कुणाला पत्ता लागत नाही. इथे भांड्याच्या दुकानात शिरल्यावर दुकानदार आधी चहा सांगतो, मग विचारतो, कोणासाठी? सांगितलं नाही तर त्याला राग येतो. सांगितलं तर संध्याकाळपर्यंत पिंगलाक्षी देवीच्या देवळाच्या पायऱ्यांवर सगळ्यांना माहीत होतं की धाकट्या भाऊजींना यंदा स्टीलची बाटली आहे. ऑनलाइन मागवलं तर डिलिव्हरीवाला पोरगा ओळखीचाच निघतो आणि भर दारात ओरडतो, "काकू, तुमची ती मालिशची मशीन आली!" ज्यांच्यासाठी मागवली ते काका तेव्हा ओसरीतच बसलेले असतात.

एकदा भेटी उघडल्या की दुसरी अडचण समोर येते: आवडलं का? अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेल याने १९९३ साली एका नामांकित अर्थशास्त्रीय नियतकालिकात नाताळच्या भेटींवर लेख लिहिला. येलच्या विद्यार्थ्यांना त्याने विचारलं होतं की मिळालेल्या वस्तूची तुमच्या लेखी किंमत किती. देणाऱ्याने मोजलेल्या पैशांच्या दहा ते तेहेतीस टक्के मूल्य वाटेतच नाहीसं होतं, असं त्याला दिसलं. सगळ्यात जास्त चुकतात ते आजीआजोबा, काका-मामा, आत्या-मावश्या. पण हीच मंडळी रोख पैसेही जास्त देतात, असंही त्याने नोंदवलं. पदराच्या गाठीतून पन्नासची नोट काढून नातवाच्या मुठीत कोंबणाऱ्या आजीने हा लेख वाचलेला नसतो. त्याचा निष्कर्ष मात्र तिने केव्हाच अमलात आणलेला आहे.

पुतणीच्या प्रस्तावात नवीन म्हणावं असं फारसं नाही, हे घरातल्या कुणाच्याच लक्षात येत नाही. कमी खर्चातली देवाणघेवाण या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. दसऱ्याचं सोनंच घ्या. रघुराजा आणि कौत्साच्या गोष्टीतून आपट्याच्या पानाला सोन्याचा मान मिळाला आणि एका संध्याकाळी अख्खं गाव एकमेकांना सोनं वाटू लागलं. खर्च शून्य, वही नाही, दिलेलं लगेच परत मिळतं आणि पुढाऱ्यालाही तेच पान, पोस्टमनलाही तेच. आपट्याऐवजी कांचनाची पानं खपवणारे निघाले, एवढीच काय ती महागाई. संक्रांतीचं वाण हेही तसंच. लुटायचं ते कंगवे, चहाची गाळणी, प्लास्टिकचे डबे. सगळ्या बायांना एकच वस्तू, त्यामुळे तुलनेला जागा नाही. एका हिवाळ्यात एकाच घरी अकरा गाळण्या जमतात हा त्याचा दोष, पण चहाही तेवढा होतो.

जावयाचं प्रकरण वेगळं. तिथे बजेट हा शब्द उच्चारत नाहीत. अधिक महिना आला की तेहेतीस अनारसे, ताट-तांब्या, दिवा, झेपलं तर चांदीचं काहीतरी. पंचांग करणाऱ्यांनी हा महिना साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एकदाच ठेवला, ही सासऱ्यांवर मोठी मेहेरबानी. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा, ऐन पेरणीच्या तोंडावर. बियाण्याची पिशवी आधी की अनारशाची, हा प्रश्न त्या महिन्यात किती घरांत पडत असेल, ते सासऱ्यांनाच ठाऊक.

पण या सगळ्यांत पुतणीच्या खेळाला खरा जोड आहे तो भुलाबाईचा.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भात पोरी भुलाबाई बसवतात. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन एकेका घरी जमतात, गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की खऱ्या कार्यक्रमाला सुरुवात होते: खाऊ ओळखणे. घरची बाई झाकण लावलेला डबा घेऊन बसते. आत काय आहे ते सांगायचं नाही. पोरी विचारतात, गोड की तिखट? तळलेलं की भाजलेलं? मग डबा हलवून पाहायचा. खुडखुड वाजलं तर फुटाणे, शेंगदाणे. सळसळलं तर चिवडा. बद्द आवाज आला तर लाडू, आणि काहीच वाजलं नाही तर सगळ्यांची वाट लागते, कारण तो शिरा असू शकतो. मुरलेल्या आया यातही डाव टाकतात. शिऱ्याच्या डब्यात वरून वाटीत एक सुपारी ठेवली की पोरी अर्धा तास शेंगदाण्यांवरून हटत नाहीत. ओळखणं जमलं नाही तर हार कबूल करायची. खाऊ दोन्ही बाजूंनी मिळतोच.

यात काय नाही? रोज वेगळं घर, म्हणजे खर्चाची वाटणी. झाकलेला डबा, म्हणजे गुप्तता, आणि तीसुद्धा दुकानदाराला न कळणारी, कारण सगळं घरच्याच फुटाण्यांवर भागतं. ओळखण्याची मजा भेटीपेक्षा मोठी. आणि भेट खाऊन संपते, ही तर सगळ्यात थोर गोष्ट. खाल्लेला लाडू पुढच्या वर्षी कुणाच्या ओटीत फिरत येत नाही. ब्लाउजपीसला जे कधी साधलं नाही ते लाडवाला सहज साधतं.

अवघड इतकंच आहे की भुलाबाई पोरींची, आणि त्या मोठ्या झाल्या की शिकवण्या आणि मोबाइल यांत खेळ विरून जातो. पुण्याची पुतणी लहानपणी याच गल्लीत डबे हलवत फिरलेली असते. तिला ते आठवत नाही. ऑफिसातला लाल टोपीवाला सँटा आठवतो.

तिकडे हॉलंडात सिंटरक्लासच्या सणाला, डिसेंबरच्या ५ तारखेला, घरोघर अशाच चिठ्ठ्या उचलतात. पण भेटीसोबत एक पद्य लिहून द्यावं लागतं, घेणाऱ्याच्या खोड्या काढणारं, आणि ते त्यानेच सगळ्यांसमोर वाचायचं. हे वाचल्यावर कोणत्याही मराठी माणसाला एकच शब्द सुचावा: उखाणा. ज्या भाषेत नवऱ्याचं नाव घ्यायलाही यमक जुळवावं लागतं, तिथे दोनशे रुपयांच्या डब्यावर दोन ओळी लिहायला किती वेळ लागतो? मोठे बाबा, ज्यांना हा खेळ मुळात पोरकट वाटत होता, तेच वही-पेन मागून घेतात. साडूवर दोन ओळी लिहायची संधी त्यांना चाळीस वर्षांत कुणी दिलेली नसते.

दोनशेत काय येतं, हा आत्याबाईंचा प्रश्न तेवढा उरतो. घरच्या तुरीची डाळ भरून छानशी बरणी येते. पोराच्या अक्षरात लिहिलेला, आजीच्या पातोडीच्या कृतीचा कागद चौकटीसह येतो, आणि आजीला ती कृती 'अंदाजाने' या शब्दाखेरीज सांगता आली तर तो मोठाच विजय. बॅटरी येते, कात्री येते, शेतात नेण्याची पाण्याची बाटली येते. भिंतीवरचं घड्याळही येतं, पण ते देऊ नये. वऱ्हाडातल्या प्रत्येक घरात लग्नात आलेली किमान तीन घड्याळं माळ्यावर आहेत आणि तिन्हींत वेगळी वेळ आहे.

तेव्हा या दिवाळीला ज्यांना करून पाहायचं असेल त्यांनी भेट रंगीत कागदात गुंडाळू नये. झाकणाच्या डब्यात ठेवावी, हलवून ओळखायला लावावी, हरला तर उखाणा वाचायला लावावा. आणि चिठ्ठीवर नाव पूर्ण लिहावं. नुसतं 'काका' लिहिलं तर भेट कुणाला मिळेल याचा नेम नाही, कारण रिसोडच्या एका घरात कमीत कमी चार काका असतात आणि डब्याचा आवाज ऐकून चौघंही पुढे येतात.